कलेजी, पेटा, मान

काई गुरुजी मांजू मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला आले, तेव्हा ओशिकावा मिसाओ कोपरापर्यंत हात माखून कोंबड्यांच्या माना दळत होती. सोमवारची सकाळ होती. यंत्र बंद करून ती तशीच दारात आली. गुरुजी कोट-टायमध्ये होते, बुटांना पॉलिश होतं, आणि हातात जांभळ्या फडक्यात बांधलेला मिठाईचा खोका. असा फडक्यात बांधून खोका आणला की समजावं, एकतर लग्नाचं बोलणं आहे किंवा माफी. आणि एकोणऐंशीव्या वर्षी गुरुजींना लग्न काही करायचं नव्हतं.

"हात पुसत बसू नकोस," गुरुजी म्हणाले, "मी उभ्याउभ्याच बोलतो. मिसाओ, मी तुझा अपराधी आहे."

"अहो गुरुजी, काहीतरीच काय!"

पण गुरुजी वाकलेसुद्धा. कंबरेत वाकले, आणि वाकलेलेच राहिले. ज्या माणसाने पहिलीत तिला लिहायला-वाचायला शिकवलं, त्याचं टक्कल असं समोर आलेलं पाहून मिसाओला पळून जावंसं वाटलं.

"मी तुझ्या मालावर संशय घेतला," गुरुजी जमिनीकडे बघत म्हणाले. "आमच्या कुत्र्याला, बुन्ताला, पुन्हा मूतखडे झालेत. मार्चमध्ये पोट फाडून काढले होते, आता परत तेच. डॉक्टर हिदाका म्हणतात, दोष त्याच्या रक्तातच आहे. कलेजी, पेटा, हृदय, असलं काही पोटात गेलं की त्याला खडे होतात. छातीचं मांस थोडंफार चालेल, बाकी त्यांनी दिलेले दाणे. आता मी तर त्याला दाणे देतो आणि वर तुझ्या पिशवीतल्या वड्या. मग माझ्या डोक्यात आलं, या पिशवीतच तर काही नाही ना? घरी जाऊन चष्मा लावून वाचली. कोंबडीचं मांस, असं स्वच्छ लिहिलंय. चित्रही छातीच्या मांसाचं. शिवाय मी तुला समोरासमोर विचारलं होतं आणि तू हो म्हणाली होतीस. आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलीवर मी असा संशय घ्यावा? लाज वाटली मला."

मिसाओला ते आठवतच नसतं तर बरं होतं. पण तिला तो दिवस, ती वेळ, मागे उभी असलेली पिवळ्या टोपीतली बाई, सगळं आठवत होतं.

"मग आता... बुन्ताचं?" तिने कसंबसं विचारलं.

"शनिवारी," गुरुजी सरळ होत म्हणाले. "अन्न बरोबर असूनही खडे होत असतील तर तिसऱ्यांदाही होणार, असं डॉक्टरांचं म्हणणं. अकरा वर्षांचा झालाय तो. दर सहा महिन्यांनी पोट फाडायचं, हे काही जगणं नव्हे. शनिवारी दहा वाजता त्याला शांत झोपवणार आहेत. माझी बायको असती तर तिने काय केलं असतं कोण जाणे. कुत्रा तिचा, मी नुसता तिच्या मागे सांभाळतोय."

खोका तिच्या हातात देता येईना, कारण हातांना रक्त होतं. गुरुजींनी तो स्वतःच वजनकाट्यावर ठेवला. जाता जाता वळून म्हणाले, "आणि हो, कारखान्याचे कोदामासाहेब सांगत होते, यंदा कोंबड्यांच्या दगडापुढे तू बोलणार आहेस. मजकूर लिहून मला आणून दे. दरवर्षीसारखा मीच ब्रशने उतरवून देतो. माझी तेवढीच भरपाई."

आता मिसाओने काय केलं होतं ते सांगायला हवं, आणि त्यात तिची बाजूही सांगायला हवी, कारण तिलाही बाजू होती.

चोवीस वर्षं ती कोंबड्या कापायच्या कारखान्यात उभी होती. मियाझाकीतल्या आमच्या भागात शाळेहून मोठी इमारत म्हणजे कोंबड्यांचा कारखाना. पट्ट्यावरून कोंबड्या यायच्या, मांडी एकीकडे, छाती दुसरीकडे, पंख तिसरीकडे. उरलेलं निळ्या पिंपात. कलेजी, पेटे, हृदयं यांतलं थोडंसं दारूच्या दुकानांत काडीला लावून भाजायला जायचं. पण दिवसाला एवढ्या कोंबड्या की तेवढं कोण खाणार? बाकीचं पिंपात, मानांसकट, आणि पिंपं ट्रकमध्ये. मिसाओला ते बघवत नसे. चांगलं ताजं अन्न, नुसती प्रथिनं, आणि दुसरीकडे जहाजं भरभरून परदेशातून कुत्र्यांचं खाणं आणायचं! एका जिवाचा जीव घेतला तर त्याचं सगळं कामाला यावं, इतकं साधं गणित तिच्या डोक्यात होतं. आणि ते बरोबर होतं, अजूनही बरोबर आहे.

चार वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली, कारखान्यामागची तंबाखू वाळवायची जुनी शेड घेतली, आणि पिंपं रोज सकाळी ताजी ताजी आपल्या दारात उतरवून घ्यायला लागली. शिजवायचं, हाडांसकट दळायचं, ताटांवर पसरून वाळवायचं, वड्या पाडायच्या. कुत्रे वेडे व्हायचे. पहिल्या पिशव्यांवर तिने मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं: कलेजी, पेटा, हृदय, मान.

महामार्गावरच्या थांब्याच्या बाजारात तिने टेबल लावलं. बाया यायच्या, पिशवी उचलायच्या, वाचायच्या, आणि गोड हसून जागेवर ठेवायच्या. एकीने तर बाबागाडीत बसवलेल्या, स्वेटर घातलेल्या आपल्या कुत्रीच्या कानांवर हात ठेवून सांगितलं, "आमची चोको घरातली मुलगी आहे हो. तिला टाकाऊ नाही देत आम्ही." हीच बाई संध्याकाळी नवऱ्याबरोबर बिअर पीत काडीवरची कलेजी चापत असणार, पैज लावा. स्वतः जे चाटूनपुसून खायचं तेच कुत्र्याच्या ताटलीत दिसलं की यांचं नाक वर! सात महिने मिसाओने हसू बघितलं आणि भरलेल्या पिशव्या परत आणल्या.

मग पिशव्या छापणारा म्हणाला, "ओशिकावाबाई, कोंबडीचं मांस लिहा ना. पेटा म्हणजे काय वांगं आहे का? कायद्यात बसतं." त्यानेच गुलाबी-पांढऱ्या छातीच्या मांसाचं चित्र टाकलं. पहिल्याच रविवारी माल दुपारपर्यंत संपला. तीन बाया कामाला लागल्या. आता फुकुओकाच्या एका दुकानदाराने बारा दुकानांसाठी माल मागितला होता, आणि करारावर सह्या व्हायच्या होत्या.

गुरुजी टेबलाशी आले होते ते गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. मागे रांग होती. त्यांनी पिशवी डोळ्यांजवळ धरून विचारलं, "मिसाओ, हे छातीचंच ना?" मिसाओ "नाही" म्हणाली असती तर मागच्या सहा जणींनी ऐकलं असतं. ती म्हणाली, "हो, गुरुजी." एवढंच. पुढच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसेही दिले तिने त्याच दमात. आणि तेव्हापासून दर महिन्याला गुरुजी तीन पिशव्या न्यायचे आणि ती वर एक फुकट घालायची.

दुपारी चिझुकोने खोका उघडला. चिझुको तिच्याकडे कामाला होती, वयाने सात वर्षं मोठी, आणि पट्ट्यावर दोघी शेजारी उभ्या असायच्या, त्यामुळे मालकीण वगैरे मानायचा प्रश्नच नव्हता.

"माफीची मिठाई झकास असते," तोंडात अख्खा मांजू कोंबून ती म्हणाली. "खा की. तुझीच आहे."

"मला नको."

"का? विष घातलंय मास्तरांनी?"

मिसाओने तिला सगळं सांगून टाकलं. चिझुकोचं तोंड चालायचं थांबलं. मग तिने तोंडातला घास गिळला आणि म्हणाली, "हे बघ, कुत्रा अकरा वर्षांचा आहे. आज ना उद्या जाणारच."

"आपणही जाणार आहोत."

"आपल्याला वड्या नाही घालत कोणी. अगं, तू काय मुद्दाम केलंस? हजार कुत्रे खातात, लठ्ठ होतात, मजेत आहेत. एकाच्या रक्तात खोट निघाली त्याला तू काय करणार?"

"हो नसतं म्हटलं."

"मग आपण चौघी आज परत पट्ट्यावर असतो," चिझुको म्हणाली. "माझे गुडघे पट्ट्यावर उभे राहायचे नाहीत आता, एवढं सांगून ठेवते. शनिवार होऊ दे. मग काय करायचं ते कर. मास्तरांना घरी जेवायला बोलाव, पाय दाब त्यांचे. पण फुकुओकावाल्याची सही होईपर्यंत तोंड उघडू नकोस."

हा सल्ला वाईट होता, आणि मिसाओला तो हवाहवासा वाटला. तिला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी तिने एक पळवाट काढली. दुकानातून खरोखरचं छातीचं मांस विकत आणलं, शिजवलं, वड्या पाडल्या, आणि मंगळवारी गुरुजींच्या दारात नेऊन दिल्या. "ताजा माल आहे, गुरुजी. आधीच्या पिशव्या द्या, मी परत नेते." गुरुजी म्हणाले, "किती गं तुझा जीव या कुत्र्यावर!" ओट्यावर बुन्ता पडला होता. शेपटी हलवत उठला, अंगणाच्या कडेला गेला, पाय उचलला, आणि तसाच उभा राहिला. कितीतरी वेळ. थेंब-दोन थेंब पडले, लालसर. मग तो मिसाओकडे आला आणि तिचा हात चाटू लागला. हाताला वास होता ना. चार दिवसांत आतला खडा काही विरघळणार नव्हता, हे तिलाही कळत होतं. तिने हात मागे घेतला आणि निघाली.

मजकूर लिहायचा राहिलाच होता. आमच्याकडे कारखान्याच्या मागे, बांबूंच्या खाली, कोंबड्यांच्या आत्म्यांसाठी एक दगड आहे. दर ऑक्टोबरात एक दिवस पट्टा बंद ठेवून सगळे तिथे जमतात. भिक्षू मंत्र म्हणतो, उदबत्त्या लावतात, मक्याचे दाणे आणि पाणी ठेवतात. मग एक जण उभा राहून कोंबड्यांशी बोलतो. म्हाताऱ्या मालकाने ठरवून दिलेली रीत अशी की मोघम बोलायचं नाही. काय काय घेतलं ते एकेक नाव घेऊन सांगायचं: तुमची मांडी घेतली, छाती घेतली, पंख घेतले. मग आभार मानायचे आणि माफी मागायची. यंदा तो दिवस पुढच्या मंगळवारी होता, आणि कोदामासाहेबांनी मिसाओला उभं केलं होतं. पिंपं आता ट्रकमध्ये जात नाहीत, याचं त्यांना कौतुक होतं. फुकुओकावाल्यालाही त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं.

बुधवारी तिने एक कागद लिहिला. त्यात "तुमचं उरलेलं मांस" असं होतं. वाचला आणि फाडला. आयुष्यभर ज्यांच्या माना कापल्या त्यांच्याशी तरी खोटं बोलायचं का? गुरुवारी दुसरा लिहिला. त्यात सगळी नावं होती. पण तो गुरुजींच्या हातात द्यायचा म्हणजे सगळंच सांगून टाकायचं. दिवसभर तो एप्रनच्या खिशात राहिला. शुक्रवारी सकाळीही राहिला. ती काम करत राहिली, आणि दर तासाला घड्याळाकडे बघून उद्याचे दहा किती लांब आहेत ते मोजत राहिली. खरं तर तिला वाट बघायची होती ती उशीर होऊन जाण्याची. एकदा उशीर झाला की बोलण्यात अर्थ उरत नाही, असं आपण आपल्याला बजावू शकतो. हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं, दुपारी चार वाजता, ताटं धुताना. आणि ती एप्रनसकट सायकलवर बसली.

गुरुजी दिवाणखान्यात बैठ्या टेबलापाशी बसले होते. शाई घोटून तयार होती. शेजारी उशीवर बुन्ता.

"आलीस! मला वाटलं विसरलीस. दे बघू."

त्यांनी चष्मा लावला आणि जुन्या सवयीने लाल पेन्सिल हातात घेतली. वाचताना ओठ हलत होते. "तुमची कलेजी मी घेतली. तुमचे पेटे, तुमचं हृदय, तुमच्या माना मी घेतल्या. शिजवल्या, दळल्या, आणि आमच्या कुत्र्यांना खाऊ घातल्या. काहीही वाया घालवलं नाही..." पेन्सिल थांबली. "छान लिहिलंयस. पण हे कुठल्या मालाचं? तुझा दुसरा माल आहे का, कलेजीचा?"

"नाही, गुरुजी. एकच आहे."

"म्हणजे?"

"बुन्ताच्या पिशवीत हेच असतं. पहिल्यापासून. छातीचं मांस त्यात कधीच नव्हतं. तुम्ही विचारलंत, मागे रांग होती, आणि मी हो म्हणाले." ती कपाळ चटईला टेकवून बसली होती. कधी टेकवलं तेही तिला कळलं नाही. "दोष त्याच्या शरीरात असेल, पण खडे माझे आहेत. पुन्हा होतीलच असं नाही. डॉक्टरांना सांगा, उद्या झोपवू नका. सांगा त्यांना."

ती शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग गुरुजी गुडघ्यांवर हात टेकत उठले, आत गेले, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकू आला. नेहमीचाच, शांत. "डॉक्टर, काई बोलतोय. बुन्ताबद्दल मी तुम्हाला चुकीची माहिती दिली होती. हो, अन्नाबद्दल. कलेजी आणि पेटा. रोज, दीड वर्ष. नाही, चूक माझी, मी नीट चौकशी केली नाही."

"चूक माझी" हे शब्द ऐकून मिसाओला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुजी बाहेर आले ते बुन्ताचा पट्टा घेऊन. तिच्याकडे न बघता म्हणाले, "कागद राहू दे इथे. मंगळवारी मिळेल."

शनिवारी दहा वाजता दवाखान्यातल्या त्याच टेबलावर बुन्ताला झोपवलं, पण पुन्हा उठवण्यासाठी. नऊ खडे निघाले. मिसाओला हे चिझुकोकडून कळलं, आणि चिझुकोला दवाखान्यात काम करणाऱ्या भाचीकडून. "जगला तुझा कुत्रा," चिझुको म्हणाली. "आता तरी जेव." मिसाओ जेवली, पण गुरुजींचा फोन आला नाही, रविवारीही नाही, सोमवारीही नाही.

मंगळवारी आकाश निरभ्र होतं. पांढरे गमबूट घातलेले दीडशे लोक बांबूंखाली रांगा करून उभे राहिले. पुढे कोदामासाहेब, त्यांच्या शेजारी फुकुओकाचा दुकानदार, राखाडी सुटात. मिसाओच्या हातात ऑफिसमधल्या मुलीने घडी घातलेला जाड कागद आणून दिला, वेष्टनासकट. गुरुजी सकाळीच देऊन गेले, म्हणाली. हा कागद आधी उघडायचा नसतो, दगडापुढेच उघडायचा. मंत्र संपले. मिसाओ पुढे झाली, वाकली, आणि घडी उलगडू लागली.

गुरुजींचं अक्षर. काळंभोर, प्रत्येक फटकारा जागच्या जागी. ती वाचू लागली. तुमची कलेजी मी घेतली. तुमचे पेटे, तुमचं हृदय, तुमच्या माना मी घेतल्या. मागच्या बाया मान डोलावत होत्या. त्यांना ठाऊकच होतं पिंपात काय असतं. फुकुओकावाल्याने मात्र मान वळवून कोदामासाहेबांकडे पाहिलं. शिजवल्या, दळल्या, आमच्या कुत्र्यांना खाऊ घातल्या. काहीही वाया घालवलं नाही.

इथे तिचा मजकूर संपत होता, फक्त आभार उरले होते. पण पुढच्या घडीत एक ओळ होती जी तिने लिहिलेली नव्हती. तेच अक्षर, तेवढंच ठसठशीत.

मिसाओ थांबली. ही ओळ तिच्याशिवाय आणि लिहिणाऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. डोळे एका ओळीने खाली नेले असते तर थेट आभार. तिने मान वर केली. सगळ्यांत मागे, फाटकाजवळ, गुरुजी उभे होते. शेजारी बाबागाडीत बुन्ता, गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर. गुरुजी तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. त्यापेक्षा राग परवडला असता.

"आणि माझ्या माणसांना तुमची नावं सांगायला मी लाजले," ती वाचू लागली. "एकाने समोर उभं राहून विचारलं, तेव्हा मी त्याच्याशी..." पुढचे शब्द तिने म्हटले, पण ते तिच्या हनुवटीखालीच राहिले. पहिल्या रांगेतही जेमतेम पोचले असतील.

बांबू हलत होते. कोणी खोकलं. फुकुओकावाला कोदामासाहेबांच्या कानाला लागून काहीतरी विचारत होता. मिसाओने घाईघाईने पुढची घडी उलगडली, आभारांची.

"ऐकू आलं नाही," मागून गुरुजींचा आवाज आला, चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा. "मिसाओ, ती ओळ परत. मोठ्याने."

दीडशे लोकांनी मागे वळून पाहिलं, आणि मग पुन्हा पुढे, तिच्याकडे.

"एकाने समोर उभं राहून विचारलं," मिसाओने मोठ्याने वाचलं, "तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोलले."